फिल्टरच्या पाण्यातून ‘औषध’ निघतं का?

मागच्या दिवाळीत गावी होते. अंबड तालुक्यात आमचं घर, कोरडवाहू शेती, कपाशी आणि तूर. सकाळी काका मोटरसायकलवर वीस लिटरचा जार घेऊन आले, ओट्यावर ठेवला आणि मला म्हणाले, “काय गं, तू पाण्याचीच पीएच.डी. करतेस ना? मग सांग, ह्या फिल्टरच्या पाण्यातून औषध निघतं का?”

आमच्याकडे नुसतं ‘औषध’ म्हटलं की ते फवारणीचं. दवाखान्यातलं असेल तर गोळी.

मी ऐटीत सांगितलं, “निघतं ना काका. नव्याण्णव टक्के निघतं.”

काकांनी जारावरून हात फिरवत विचारलं, “निघून जातं कुठं मग?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे पुस्तकातलं होतं, पण त्या ओट्यावर उभं राहून देता येईल असं नव्हतं. सिनॉप्सिसच्या वेळी समितीने मला मेम्ब्रेनच्या छिद्रांचा आकार विचारला, संदर्भ किती वाचले ते विचारलं, विषय नवीन कसा ते विचारलं. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

तुमच्यापैकी जे पेट देताय किंवा सिनॉप्सिस लिहिताय, त्यांना या विषयावरचे पेपर वाचताना एक गोष्ट पटकन दिसेल. प्रत्येक पेपरमध्ये एक तक्ता असतो: मेम्ब्रेनचं नाव, कीटकनाशकाचं नाव आणि समोर रिजेक्शनचे टक्के. ९२, ९७, ९९. तो आकडा बघितला की वाटतं, प्रश्न सुटलेला आहे, आपण आता काय करायचं? आज मी तुम्हाला त्या आकड्याचा इतिहास सांगणार आहे. तो सरळ नाही, आणि त्यात आपल्या जालना जिल्ह्याचाही एक तुकडा आहे.

मिठासाठी केलेला पडदा

मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात. सालीतून पाणी आत शिरतं, साखर मात्र सहजासहजी बाहेर येत नाही. हीच गोष्ट १७४८ मध्ये फ्रान्समधल्या ज्याँ-आंत्वान नोले या धर्मगुरू-शास्त्रज्ञाने डुकराच्या मूत्राशयाचा पडदा वापरून नोंदवली. मद्यार्काने भरलेल्या भांड्याच्या तोंडावर पडदा बांधून त्याने ते पाण्यात बुडवलं, आणि पाणी आत शिरून पडदा तट्ट फुगला. हे ऑस्मॉसिस. खारट बाजूने जोर लावून पाण्याला उलटं ढकललं की रिव्हर्स ऑस्मॉसिस, म्हणजे आपलं आरओ. बारावीला हे सगळ्यांनी पाठ केलेलं असतं, त्यामुळे इथे थांबत नाही.

ही उलटी गोष्ट कामाची व्हायला पुढे दोनशेहून जास्त वर्षं गेली. अमेरिकेत १९५० च्या दशकात समुद्राचं पाणी गोडं करण्यासाठी सरकारी पैसा उपलब्ध झाला. १९५९ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातल्या रीड आणि ब्रेटन यांनी दाखवून दिलं की सेल्युलोज ॲसिटेटचा पातळ पडदा मीठ उत्तम अडवतो. अडचण एकच: पाणी इतकं हळू यायचं की व्यवहारात उपयोग शून्य. तोडगा लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सापडला. सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन या दोघांनी असा पडदा बनवला, ज्याची एक बाजू अतिशय पातळ आणि घट्ट कातडीसारखी, आणि खालचा भाग स्पंजासारखा मोकळा. मीठ कातडी अडवते, आधार स्पंज देतो, आणि पाण्याला फारच थोडं अंतर घट्ट थरातून जावं लागतं. सौरिराजन भारतात जन्मलेले आणि शिकलेले. पुढे त्यांनी कॅनडात ओटावाच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत या विषयावर आयुष्य घालवलं. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकात त्यांचं नाव एका जोडनावाचा अर्धा भाग म्हणून येतं, एवढंच. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा या छोट्या गावात असा पडदा लावून गावाला पाणी द्यायला सुरुवात झाली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हा पडदा मिठासाठी बनला होता. विरघळलेल्या मिठाचे कण विद्युतभारित असतात, त्यांच्याभोवती पाण्याच्या रेणूंचं कडं असतं, त्यामुळे ते पडद्याला अडवायला तुलनेने सोपे. बहुतेक कीटकनाशकांच्या रेणूंवर असा भार नसतो. म्हणजे पडद्याची परीक्षा ज्या पेपरवर झाली तो पेपर वेगळा, आणि आपण त्याला बसवतोय दुसऱ्याच पेपरला.

हा गोंधळ आजही आपल्या गल्लीत जिवंत आहे. जारवाला टीडीएस मीटर पाण्यात बुडवतो, ८०० चं ६० झालेलं दाखवतो आणि म्हणतो, “बघा, सगळं निघालं.” तो मीटर खरं तर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून क्षार किती असतील याचा अंदाज देतो. कीटकनाशकाचा भार नसलेला रेणू त्या मीटरला दिसतच नाही. आणि दिसला असता तरी काय? मीटर लिटरमागे मिलिग्रॅमच्या पूर्ण अंकात बोलतो, आपला विषय आहे मिलिग्रॅमच्या हजाराव्या, दहा हजाराव्या भागाचा. ६० दाखवणाऱ्या पाण्यात औषध असू शकतं आणि ८०० दाखवणाऱ्यात नसूही शकतं.

१९७५ चा पेपर आणि त्यातली एक ओळ

रेचल कार्सन यांचं कीटकनाशकांवरचं पुस्तक १९६२ चं. त्यानंतर हळूहळू प्रयोगशाळांत प्रश्न आला की मिठाचा हा पडदा डीडीटीसारख्या गोष्टी अडवेल का. १९७५ मध्ये इलिनॉयमधल्या चियान, ब्रूस आणि फँग यांनी त्यावर पेपर छापला. जुना आहे म्हणून सोडू नका, मिळवून वाचा. दोन पडदे: एक सेल्युलोज ॲसिटेटचा, दुसरा तेव्हाचा नवा, पॉलिएथिलिनिमीनपासून बनवलेला. क्लोरीनवाली आणि फॉस्फरसवाली कीटकनाशकं दोन्ही पडद्यांनी फार छान अडवली. ॲट्राझीनसारख्या जास्त ध्रुवीय रेणूंत फरक पडला: नवा पडदा पुढे, जुना मागे.

इथपर्यंत सगळे संदर्भ देतात. पण त्याच पेपरात लेखकांनी आणखी एक गोष्ट नोंदवली होती: पाण्यात न मिसळणारी, तेलकट स्वभावाची कीटकनाशकं मोठ्या प्रमाणात पडद्यालाच चिकटून बसतात. अधिशोषण.

याचा अर्थ काय होतो ते बघा. रिजेक्शन काढायची आपली पद्धत साधी आहे. आत जाणाऱ्या पाण्यात किती, गाळून आलेल्या पाण्यात किती, त्यावरून टक्के. रेणू पडद्याला चिकटला तर गाळलेल्या पाण्यात तो दिसत नाही, आणि आपण लिहितो ‘अडवला’. पण पडद्यावर बसायला जागा मर्यादित असते. जागा भरली की रेणू हळूहळू पडद्यातून पलीकडे झिरपायला लागतो. प्रयोग दोन तासांत थांबवला तर हा दुसरा अंक बघायलाच मिळत नाही. नाटक मध्यंतराला सोडून परीक्षण लिहिल्यासारखं.

ही गोष्ट किमुरा, एमी, ड्रूज आणि वातानाबे यांनी २००३ मध्ये स्पष्टपणे मांडली: चिकटण्यामुळे रिजेक्शन प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतं, म्हणून पडदा भरेपर्यंत प्रयोग चालवा, मग आकडा घ्या. १९७५ ते २००३, मध्ये अठ्ठावीस वर्षं. निरीक्षण पहिल्या काळातच छापून आलेलं होतं, पण तक्त्यात टक्क्याचा रकाना होता आणि ‘चिकटलं किती’ याचा रकाना नव्हता.

मी स्वतः हेच केलंय, म्हणून सांगते. पहिल्या वर्षी क्लोरपायरिफॉस घेऊन प्रयोग लावला. आकडा इतका देखणा आला की गाईडना दाखवायला धावत गेले. ते म्हणाले, “तिन्हीची बेरीज करून आण.” म्हणजे आत घातलेलं एका बाजूला, गाळून आलेलं आणि मागे उरलेल्या पाण्यातलं दुसऱ्या बाजूला. बेरीज जुळेना. मी आठवडाभर गॅस क्रोमॅटोग्राफला दोष दिला. शेवटी पडदा, रबरी रिंगा आणि नळ्या मिथेनॉलने धुतल्या तेव्हा हरवलेलं क्लोरपायरिफॉस तिथे सापडलं. बरंचसं तर रबरातच होतं. माझा पडदा नाही, माझी रबरी रिंग उत्तम फिल्टर निघाली!

हजार टँकरमध्ये एक ग्रॅम

तोपर्यंत युरोपात वेगळंच काही घडत होतं. १९८० च्या पिण्याच्या पाण्याच्या नियमात युरोपीय समुदायाने कोणत्याही एका कीटकनाशकासाठी लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम आणि सगळी मिळून ०.५ अशी मर्यादा घातली. हा आकडा प्रत्येक औषधाचं विषारीपण मोजून काढलेला नव्हता. पिण्याच्या पाण्यात ही रसायनं नकोतच, अशी ती भूमिका होती. तेव्हाच्या उपकरणांना जेमतेम दिसेल तेवढं म्हणजे जवळजवळ शून्य.

०.१ मायक्रोग्रॅम म्हणजे किती हे आपल्या भाषेत बोलू. एक ग्रॅम औषध एक कोटी लिटर पाण्यात. दहा हजार लिटरचे एक हजार टँकर. जालन्यात टँकर म्हणजे काय हे मी कुणाला समजावून सांगायला नको. आता कपाशीवर मारायचं इमिडाक्लोप्रिड घ्या, बाजारात १७.८ टक्के म्हणून मिळतं ते. त्याच्या पाच मिलीत साधारण एक ग्रॅम मूळ रसायन असतं. बाटलीच्या तळाशी राहिलेलं, बांधावर फेकून दिलेलं, तेवढंच.

या मर्यादेमुळे पडद्यांचा इतिहास वळला. पॅरिसच्या उत्तरेला मेरी-सुर-वाझ इथे वाझ नदीचं पाणी शुद्ध करून उपनगरांना देतात. नदीच्या वरच्या अंगाला दाट शेती, पाण्यात ॲट्राझीन आणि त्याच्याबरोबर भरपूर सेंद्रिय गाळ. १९९९ मध्ये तिथे नॅनोफिल्ट्रेशनचा विभाग सुरू झाला: दिवसाला १ लाख ४० हजार घनमीटर पाणी, पडद्याचं एकूण क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ४० हजार चौरस मीटर. म्हणजे ८४ एकर पडदा. नळ्यांत गुंडाळून ठेवलेला.

आरओ न घेता नॅनोफिल्ट्रेशन का? तोवर जॉन कॅडॉट यांच्या कामामुळे पडद्यांची नवी पिढी आली होती. आधाराच्या थरावर पॉलिअमाइडचा अतिशय पातळ थर, तोही जागच्या जागी रासायनिक क्रियेने बनवलेला. हा थर कमी-जास्त घट्ट करता येतो. मेरीतल्या लोकांना कॅल्शियम सगळं काढून टाकायचं नव्हतं, फक्त ॲट्राझीन आणि सेंद्रिय पदार्थ अडवायचे होते. म्हणून जरा सैल पडदा, कमी दाब, कमी वीज.

ही खास तिथल्या नदीसाठी शिवलेली विजार होती. ॲट्राझीनचं रेणुभार २१६. नॅनोफिल्ट्रेशनच्या अनेक पडद्यांची सीमारेषा २०० ते ४०० च्या पट्ट्यात असते. त्या पट्ट्यात बसणारा रेणू अडेल की नाही हे पडद्यागणिक ठरतं. मेरीचा दाखला देऊन ‘नॅनोफिल्ट्रेशन कीटकनाशकं काढतं’ असं वाक्य सिनॉप्सिसमध्ये लिहिणार असाल तर थांबा. कोणतं कीटकनाशक? कोणाच्या शेतातलं?

सोने का पालना

म्हणून आता आपल्या जिल्ह्यात येऊ. ‘जालना सोने का पालना’ हे तुम्ही लहानपणापासून ऐकलं असेल. या बाजारपेठेत १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली आणि जालना बियाण्यांचं गाव झालं. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. मार्च २००२ मध्ये भारतात बीटी कपाशीला परवानगी मिळाली ती याच कंपनीच्या तीन संकरित वाणांना.

पडद्याच्या इतिहासात बियाणं कुठून आलं, असं तुम्ही म्हणाल. असं आलं: शेतात बियाणं बदललं की कीड बदलते, कीड बदलली की औषध बदलतं, आणि औषध बदललं की पडद्यासमोरचा रेणू बदलतो.

माझ्या आजोबांच्या पिढीला डीडीटी आणि गॅमेक्सिन पावडर माहीत होती. हे रेणू पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. मातीला, गाळाला, चरबीला चिकटतात, आणि पडद्यालाही चिकटतात. १९७५ च्या पेपरातले देखणे आकडे याच कुळाचे. गॅमेक्सिन म्हणजे बीएचसी. त्यावर भारतात १९९७ मध्ये बंदी आली. काकांच्या तरुणपणी एंडोसल्फान आणि ‘मोनो’, म्हणजे मोनोक्रोटोफॉस. एंडोसल्फानचं रेणुभार ४०७, स्वभाव तेलकट. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये बंदी आणली. मोनोचा मामला उलटा: रेणुभार २२३ आणि पाण्यात हवं तेवढं विरघळतं.

बीटी आल्यावर सुरुवातीची काही वर्षं बोंडअळीवरच्या फवारण्या कमी झाल्या हे खरं. पण मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडींना बीटीचं काहीच वाटत नाही. त्यांच्यासाठी इमिडाक्लोप्रिड, ॲसिटामिप्रिड, ॲसिफेट. बीटीच्या पाकिटातली सरकी रंगीत का असते माहीत आहे ना? तिला बऱ्याचदा इमिडाक्लोप्रिडचा लेप दिलेला असतो. पुढे गुलाबी बोंडअळीही बीटीला सरावली. नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती आणि ग्लेन स्टोन यांनी २०२० मध्ये वीस वर्षांची आकडेवारी मांडली. तीनुसार शेतकरी आज कीटकनाशकांवर बीटीपूर्वीपेक्षा जास्त खर्च करतो.

आता हे रेणू पडद्याच्या नजरेने बघा. इमिडाक्लोप्रिड २५६, ॲसिटामिप्रिड २२३, ॲसिफेट १८३. लहान. पाण्यात विरघळणारे: इमिडाक्लोप्रिड लिटरमागे सहाशे मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतं. डीडीटीशी तुलनाच नको. भार नाही. पडद्याला फारसे चिकटत नाहीत, मातीलाही कमी धरतात, आणि पावसाच्या पाण्याबरोबर खाली सरकू शकतात. आपल्याकडे खाली आहे दख्खनचा बेसाल्ट: वर काळी माती, मग मुरूम, मग भेगाळलेला खडक, आणि पिण्याची विहीर बऱ्याचदा त्याच मुरमात.

म्हणजे सत्तर वर्षांत दोन धावपटू समांतर धावत होते. पडदा घट्ट, पातळ, स्वस्त होत गेला. विष लहान आणि पाण्यात विरघळणारं होत गेलं. घट्ट आरओचा पडदा आजही इमिडाक्लोप्रिड बऱ्यापैकी अडवतो. सैल नॅनोफिल्ट्रेशनचं तसं गृहीत धरता येत नाही. आणि अल्ट्राफिल्ट्रेशनच्या छिद्रांतून असला रेणू मोकळ्या दारातून जातो तसा जातो. घरोघरी ‘मेम्ब्रेन फिल्टर’ म्हणून जे विकलं जातं त्यात हे तिन्ही प्रकार असतात, हे लक्षात ठेवा. अल्ट्राफिल्ट्रेशन जंतूंसाठी उत्तम आहे. औषधासाठी नाही.

इथे एक गोष्ट मध्येच सांगते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. पाठीवर पंप घेतलेल्या माणसाच्या अंगात जे जातं ते पाण्यातल्या मायक्रोग्रॅमपेक्षा कितीतरी जास्त असतं. पाण्यावर थिसिस लिहिताना प्रस्तावनेत हे प्रमाण विसरू नका. आपला प्रश्न खरा आहे, पण तो एकटा नाही, पहिलाही नाही.

बाटलीचा नियम, विहिरीचा नियम

आपल्या देशात हा विषय चव्हाट्यावर आला फेब्रुवारी २००३ मध्ये. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने दिल्ली आणि मुंबईतल्या बाटलीबंद पाण्यात लिंडेन, डीडीटी, मॅलॅथिऑन, क्लोरपायरिफॉस सापडल्याचं जाहीर केलं. ऑगस्टमध्ये शीतपेयांचा अहवाल आला, संसदेत गदारोळ झाला, आणि शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती बसली. तिचा अहवाल फेब्रुवारी २००४ मध्ये आला. तोपर्यंत बाटलीबंद पाण्याचे निकष बदललेही होते: १ जानेवारी २००४ पासून कोणतंही एक कीटकनाशक लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम, एकूण ०.५. युरोपचाच आकडा.

मग नळाचं आणि विहिरीचं पाणी? त्याचं मानक आयएस १०५००, २०१२ ची आवृत्ती. त्यात कीटकनाशकांचा वेगळा तक्ता आहे, अठरा नावांचा. मोनोक्रोटोफॉस १ मायक्रोग्रॅम, मिथाइल पॅराथिऑन ०.३, एंडोसल्फान ०.४, क्लोरपायरिफॉस ३०. म्हणजे क्लोरपायरिफॉसच्या बाबतीत बाटलीचा नियम विहिरीच्या नियमापेक्षा तीनशे पट कडक. यात बेईमानी आहे असं मी म्हणत नाही. एक आकडा ‘नकोच’ या भूमिकेतून आलाय, दुसरा ‘किती प्यायल्याने अपाय होईल’ या हिशोबातून. पण पेपरमध्ये ‘मानकाच्या आत’ असं लिहिताना कोणतं मानक ते लिहा.

त्याहून महत्त्वाचं: त्या अठरा नावांत इमिडाक्लोप्रिड नाही. ॲसिटामिप्रिड नाही, ॲसिफेट नाही. डीडीटी आहे, आल्ड्रिन आहे. यादी काकांच्या आणि आजोबांच्या कपाटातली आहे, आजच्या कृषी सेवा केंद्राच्या फळीवरची नाही. म्हणून विषय निवडताना माझा सल्ला असा की आधी मानकाची यादी उघडू नका. जून-जुलैत तालुक्याच्या बाजारात जा, दुकानदाराला विचारा यंदा कपाशीला काय चाललंय, मोसंबीला काय, द्राक्षाला काय. कडवंचीकडची द्राक्षं आणि अंबडची कपाशी यांची औषधं सारखी नसतात. मग त्या नावांचं रेणुभार, विद्राव्यता आणि भार एका कागदावर लिहा. निम्मा लिटरेचर रिव्ह्यू तिथेच होतो.

आणि बाटलीतलं औषध वापरूनही एकदा प्रयोग करा. प्रयोगशाळेत आपण शुद्ध पावडर घेतो, शेतात मारतात त्यात द्रावक असतो, पसरवणारं साबणासारखं काहीतरी असतं. ते पडद्याशी वेगळं वागतं. पाणीही डिस्टिल्ड नको. आपल्या बोअरचं जड, क्षारांचं पाणी घ्या.

निघून जातं कुठं

परत काकांच्या जाराकडे. मी ‘९९ टक्के’ म्हणाले तो पडद्याचा आकडा होता, जाराचा नव्हता. आरओचं पाणी चवीला सपक लागतं म्हणून अनेक यंत्रांत न गाळलेलं थोडं पाणी परत मिसळायची सोय असते. घरगुती यंत्रात तिला टीडीएस कंट्रोलर म्हणतात. समजा पाचव्या हिश्श्याचं पाणी पडद्याला वळसा घालून आलं. पडदा ९९ टक्के अडवत असला तरी ग्लासात औषध मूळच्या जवळजवळ २१ टक्के. म्हणजे एकूण काढलं ७९ टक्के. चव सुधारली, पडदा तोच, थिसिस तोच, आणि पिणाऱ्याच्या पोटात वीसपट जास्त.

आणि जे अडलं ते? पडदा काहीच नष्ट करत नाही. तो वाटणी करतो. शंभर लिटर घातले, पन्नास गाळून आले, तर उरलेल्या पन्नासात औषध जवळजवळ दुप्पट दाट. राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ च्या आदेशात आरओच्या पाण्याच्या नासाडीवर बोट ठेवलं, टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओ नको म्हटलं, आणि साठ टक्के तरी पाणी वापरात यावं असं सांगितलं. पाणी वाचवण्यासाठी हे रास्तच. पण साठ टक्के गाळून घेतलं की उरलेल्या चाळीसात औषध अडीच पट दाट होतं, आणि टीडीएस औषधाबद्दल काहीच सांगत नाही हे आपण वर बघितलंच. मेरीसारख्या मोठ्या केंद्रांत त्या दाट पाण्याचं काय करायचं हा नियोजनाचा भाग असतो. आपल्या गावच्या प्लांटला एक निळा पाइप असतो, तो मागे जातो.

दिवाळीच्या सुट्टीतच मी काकांबरोबर त्या प्लांटवर गेले. एका खोलीत दोन उभ्या टाक्या, पडद्याच्या चार नळ्या, मालक तरुण मुलगा, भला माणूस. त्याला कुणी काही वेगळं सांगितलेलंच नाही. निळा पाइप भिंतीतून बाहेर, तिथून उघड्या नालीत. नाली वळून पडक्या आडाजवळ जाते आणि तिथे पाणी जिरतं. प्लांटचा बोअर खोलीच्या दुसऱ्या बाजूला, माझ्या पावलांनी मोजला तर चाळीस पावलांवर.

माझ्या सिनॉप्सिसच्या तक्त्यात आता दोन रकाने वाढलेत: ‘पडद्यावर चिकटलेलं’ आणि ‘मागे उरलेल्या पाण्यात’. गाईड म्हणाले, काम दुप्पट होईल, झेपेल का बघ. बघतेय.

परवा काकांना फोनवर हे सगळं सांगितलं. औषध नाहीसं होत नाही, त्या निळ्या पाइपातून जातं, म्हटलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, “ती नाली बोअरच्या वरच्या अंगाला हाय का खालच्या?”

मोजलं नाही, म्हणाले मी.

“मग येताना लेव्हलची नळी घेऊन ये. माझ्याकडची फुटलीय.”